गोदाबाईच्या घरचा हार

गोदाबाई उठून उभी राहिली. झालं एवढंच. अकोटचा सकाळचा बाजार, देवळापुढची फुलवाल्यांची रांग, आणि त्या रांगेवरून सहदेव जमादार नेहमीच्या फेरीला निघालेला. गुडघ्यांच्या दुखण्यानं गेली काही वर्षं देवाच्या पालखीलासुद्धा बसल्या जागेवरून हात जोडणारी गोदाबाई एक हात जमिनीवर, दुसरा टोपलीच्या काठावर टेकून, कळ दातांत दाबून त्याच्यासाठी उठली आणि पदर कपाळावर ओढून म्हणाली, "जी साहेब." सहदेव एक पाऊल मागं सरला. "बस वं बाई, बस," तो म्हणाला. ती बसली नाही. तो थांबला तशी तीही थांबून राहिली, गुडघा थरथरत असलेला लुगड्यातूनही दिसत होता. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की तिनं बसावं असं वाटत असेल तर आपण इथून गेलं पाहिजे. दुसरा काही उपाय नव्हता. तो गेला. पाठीमागं तिचं कण्हत बसणं त्याला ऐकू आलं, आणि रांगेतल्या पुढच्या बाया एकेक करून पदर ओढत उठायला लागलेल्या दिसल्या, तेव्हा त्यानं पावलं इतकी झपाझप टाकली की कुणालाही वाटावं, साहेब रागात आहेत.

पोलिसात जाण्याआधी तोही याच रांगेत फुलं विकायचा, तेव्हा हीच गोदाबाई त्याला सह्या म्हणायची. त्याचं दुकान तिच्या डाव्या अंगाला, मध्ये पाण्याची एक घागर, आणि त्या घागरीवरून दोघांची रोज भांडणं. फुलांवर मारायचं पाणी कोणी जास्त वापरलं, घागर कोणी भरायची. त्याच्या हाताचा मोगऱ्याचा हार पाहून ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायची, "मेलेला साप बरा दिसते याच्यापरीस." गिऱ्हाईक हसायचं, तोही हसायचा, आणि रात्री घरी गेल्यावर पुन्हा हार सोडून नव्यानं गुंफायचा, की उद्या ती काय म्हणते पाहू. बाप लहानपणीच गेलेल्या सहदेवला हार गुंफायला खरं शिकवलं असेल तर तिच्या त्या जिभेनं. आज ती जीभ 'जी साहेब' एवढंच बोलली होती. बाजार मागं पडून जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, बैलांच्या घुंगरांचा आवाज, हवेत तरंगणारी कापसाची तुसं त्याच्या साफ्यावर, मिश्यांवर बसत होती. ती झटकायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. आणि या सगळ्याखाली, कीर्तनात मुख्य चालीखाली एखादी झांज हळूच चुकीच्या ठेक्यात वाजत राहावी, तसं आणखी एक काहीतरी त्याच्या डोक्यात वाजत होतं. गोदाबाईची टोपली. एवढं ऊन वर आलेलं असताना ती काठोकाठ भरलेली होती.

खाकी चढली तरी दुकानदाराचे डोळे जात नाहीत. उन्हं देवळाच्या दुसऱ्या पायरीवर आली की झेंडूची टोपली अर्धी व्हायला हवी, शेवंतीची तर तळाला जायला हवी. ते झालं नाही तर ती फुलं माना टाकतात आणि संध्याकाळी गाईपुढं जातात. आता चालता चालता त्यानं मन मागं नेलं आणि सबंध रांग डोळ्यांपुढं आणली. सगळ्यांच्याच टोपल्या भरलेल्या होत्या. गर्दी होती ती फक्त एका ठिकाणी, त्याच्या स्वतःच्या दुकानापुढं, जिथं माणिकबाई बसली होती. त्याची बायको. तिला मान वर करायला फुरसत नव्हती. पोलीस होऊन तो रानावनात फिरत होता तेवढी सगळी वर्षं तिनं एकटीनं हे दुकान टिकवलं होतं, कधी चालायचं, कधी नुसतं उघडं असायचं. तो बदली होऊन गावात आला आणि दुकान धो धो चालायला लागलं. सुरुवातीला त्याला वाटलं, माझा पायगुण. मग वाटलं, बाईचा हात चांगला आहे. आपण स्वतःला किती सोप्या गोष्टी सांगतो, आणि त्या किती दिवस पुरतात. लग्नाचे हार, सत्यनारायणाची फुलं, कापसाच्या दलालांकडची दिवाळीची तोरणं, सगळी माणिकबाईकडून. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी धमकावलं नव्हतं. जमादाराच्या घरातून फूल घेतलेलं बरं, एवढाच विचार प्रत्येकानं आपापल्या मनात एकट्यानं केला होता, आणि तेवढ्यानं दहा घरांच्या चुली मंदावल्या होत्या.

तो पोलिसात गेला होता तोही एका टोपलीपायीच. तेव्हा ऐन तारुण्य होतं, दुकान बरं चाललं होतं. एका बाजाराच्या दिवशी कोण्या साहेबाची मोटार यायची म्हणून रस्ता मोकळा करायला आलेल्या शिपायानं एका म्हातारीची टोपली लाथेनं उडवली. फुलं चिखलात गेली. म्हातारी रडलीसुद्धा नाही, नुसती एकेक फूल वेचून लुगड्याला पुसत राहिली, देवाचं आहे ते, देवाचं आहे ते, म्हणत. सहदेवला त्या रात्री जेवण गेलं नाही. आपल्यातला एक माणूस जर त्या पट्ट्यात असता, त्याला वाटलं, तर ही लाथ बसली नसती. चार महिन्यांनी तो अकोल्याला भरतीच्या मैदानात उभा होता. मग धारणीच्या चौकीवर नेमणूक. तिकडचं रान, कोरकूंच्या वाड्या, पावसात चार महिने तुटलेला रस्ता, थंडीताप. बाकीचं सगळं त्यानं सोसलं, पण तिथं कीर्तन नव्हतं याचं त्याला फार वाटायचं. संध्याकाळी चौकीच्या ओट्यावर बसून तो टाळ्यांवर ठेका धरून आठवेल ते गुणगुणायचा, आणि पूर्वरंग संपून बुवांना हार घालतात, बुक्क्याचं तबक फिरतं, सगळे एकमेकांच्या कपाळाला बुक्का लावतात, त्या जागेवर आलं की थांबायचा. तिथं कपाळ एकच होतं. देवा, एकदा माझ्या गावात माझी नेमणूक कर, मी कुणाच्या टोपलीला पाय लागू देणार नाही, असं तो म्हणायचा. देवानं ते ऐकलं. जिल्ह्याच्या पोलीस कप्तानसाहेबाच्या सहीनं अकोटची बदली आली, आणि खरोखर तेव्हापासून बाजारात एकाही टोपलीला पाय लागला नव्हता. तो येताना दिसला की टोपल्या आपल्या आपण मागं सरकत होत्या.

आल्या आल्या पहिल्या संध्याकाळी तो कीर्तनाला गेला होता. पट्टा, बूट बाहेर ठेवून, आत जाऊन, जाजमावर पहिल्यासारखी मांडी घालून बसला. हळूहळू त्याच्या भोवतीचं जाजम मोकळं झालं. कोणी उठून गेलं नाही, फक्त सरकले. त्याला वाटलं, माणसं मान देतात. तबक आलं तेव्हा बुक्का लावायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःच्याच बोटानं स्वतःच्या कपाळाला लावून घेतला. धारणीत तरी त्याला असं करावं लागलं नव्हतं.

दुपारी तो घरी जेवायला बसला. माणिकबाईनं भाकर वाढली, पिठल्याचं पातेलं पुढं सरकवलं, आणि पुन्हा शेवंतीच्या ढिगापाशी जाऊन बसली. तिची बोटं चालत होती. "हा कोनाचा हार?" त्यानं विचारलं.

"कोनाचा म्हंजे? देवळातला. बुवाचा. कार्तिकभर आपलाच हाये नं."

"कार्तिकाचा मान गोदाबाईच्या घराचा असते," सहदेव म्हणाला. म्हणताना त्याला कळलं की हे आपल्याला कितीतरी दिवसांपासून माहीत होतं. फुलवाल्यांच्या घरांत महिने वाटलेले. श्रावण एका घराचा, भादवा दुसऱ्याचा, कार्तिक गोदाबाईच्या सासऱ्यापासून तिच्या घराचा. कीर्तनातला हार ज्याच्या घरचा, त्या महिन्यात त्या घराचं नाव बुवा घेतात. बाकी काही नाही. त्या एका नावासाठी माणसं वर्षभर वाट पाहतात.

"मी काय मांगाले गेली होती का?" माणिकबाई हार न थांबवता म्हणाली. "उत्तमराव आपल्या पायानं आले दुकानावर. देवळाचे पंच ते. मने, बाई, औंदा हार तुमच्या घरचा राहू द्या, जमादारसाहेबाचं घर हाये, कीर्तनाले बरकत येईन. मी म्हटलं, गोदाबाईचं काय? तं मने, तिले समजते."

"तिले समजते," सहदेव पुटपुटला.

"अन् समजू नाही तं काय? तुमी धारणीत होते तवा माह्या दुकानावर कुत्रं येत नव्हतं. तवा कोनाच्या पोटात दुखलं? तवा गोदाबाईची टोपली रिकामी व्हायची अन् माही भरली राहायची. मी गेली का कोनाच्या दारी रडाले?" तिचा आवाज चढला नव्हता, पण सुई एका फुलात अडकली होती आणि निघत नव्हती. "आता देवानं चांगले दिवस दाखवले, तं तुमच्या गयाखाली भाकर उतरून नाही राहिली."

यातलं काहीही खोटं नव्हतं.  दोघीजणी बरोबर, आणि मध्ये तो, आणि त्यानं तर काही केलंच नव्हतं. "आजचा हार करू नको," एवढंच तो म्हणाला. माणिकबाईनं हातातला अर्धा हार फुलांच्या परातीत ठेवला. अडकलेली सुई हिसडून काढत म्हणाली, "नाही करत. पन मंग दुकान बी बंद करू का, ते सांगून जा." तो आचवला, साफा बांधला, आणि ते न सांगताच बाहेर पडला.

ठाण्यात पोचेपर्यंत त्याला जरा हलकं वाटायला लागलं होतं. इतकं सोपं तर होतं. मान ज्याचा त्याला परत द्यायचा. त्यानं खुशाल नावाच्या शिपायाला हाक मारली आणि सांगितलं, देवळात उत्तमरावला सांग, आजचा हार गोदाबाईच्या घरचा. आणि तसाच गोदाबाईकडं जा, तिला सांग, संध्याकाळी बुवांचा हार घेऊन देवळात ये. खुशाल काठी घेऊन गेला. सहदेव फाटकाशी उभा राहून कडुनिंबाखालची सावली पाहत राहिला. गोदाबाई आता काय म्हणेल? चार शिव्या देईल. आलं का मेल्याले ध्यानात, असं म्हणेल. त्या शिव्या तो मनातल्या मनात तिच्या आवाजात ऐकत होता, आणि कितीतरी दिवसांनी त्याला हसू येत होतं.

खुशाल परत आला तो छाती काढून. "काम फत्ते, साहेब. उत्तमराव मने, हाव जी, जशी मर्जी. अन् बाईच्या दारातूनच आवाज देला. म्हटलं, गोदाबाई, जमादारसाहेबाचं बोलावनं हाये, संध्याकाळी हार घेऊन देवळात हजर राहाजो."

"हजर राहाजो?"

"हाव साहेब. बाईनं इचारलं, माहं काय चुकलं? म्हटलं, ते साहेबाले माहीत." तो खूष होता. "थरथर कापून राहिली होती. येते का नाही पाहा आता!"

सहदेव त्याच्याकडं पाहत राहिला. रागवावं तर कशासाठी? त्यानं काही वेगळं सांगितलं नव्हतं. तेच शब्द, फक्त ते काठीबरोबर दारात गेले होते. आणि सहदेव स्वतः गेला असता तरी हेच झालं असतं, खुशालपेक्षा त्याच्या बाहीवर पट्ट्या जास्त होत्या. एकाएकी त्याला धारणीच्या त्या सगळ्या ओल्या दिवसांचा शीण आला, तेव्हा न आलेला. तो निघाला. गोदाबाईच्या दाराला कडी होती. शेजारीण आतूनच बोलली, बाहेर आली नाही. "गेली जी ते. हिवरखेडले, पोरीकडं, शालूकडं. मोटारीच्या अड्ड्यावर असन. आमाले काही मालूम नाही साहेब, आमी काही सांगतलं नाही तिले."

मोटारीचा अड्डा म्हणजे चिंचेचं एक झाड आणि एक पाण्याची टाकी. हिवरखेडची सर्विस मोटार उभी होती, टपावर गाठोडी चढत होती. झाडाच्या बुंध्याशी गोदाबाई बसली होती, मांडीवर कपड्यांचं बोचकं, आणि पुढ्यात फुलांची टोपली, ओल्या फडक्यानं झाकलेली. जीव घेऊन पळून जातानाही ती फुलं घरात सुकायला टाकून आली नव्हती. त्याला पाहून तिचा चेहरा असा झाला की सहदेवनं लांबूनच हात वर केला, उठू नको म्हणून, आणि तो हात पाहून मोटारीत चढणारी दोन माणसं जागच्या जागी थांबली.

"साहेब, माह्या घरात कोनी काही बोललं नाही," गोदाबाई एका दमात म्हणाली. "हाराचं मी कोनापाशी बोलली नाही. ज्यानं सांगतलं असन त्यानं खोटं सांगतलं. मान माणिकले देला, बरं झालं, पोर हाये ते माही..."

"तसं नाही वं. मान तुहा हाये. तू हार कर, एवढंच मी..." तो थांबला. करुणेनं बोलावं तर तो आवाज कुठून काढायचा हे त्याला आठवेना. शब्द तोंडातून निघेपर्यंत ठीक असत, तिच्या कानात शिरताना त्यांना पट्टा चढत होता. "भिऊ नको," तो म्हणाला, आणि तेही इतकं दरडावल्यासारखं आलं की ती आणखी आक्रसली.  तो खाली बसला. आधी उकिडवा, मग मातीत नीट मांडी घालून. देवाच्या फुलाला चामडं लागू नये म्हणून त्यानं कमरेचा पट्टा सोडला, बूट काढले, दोन्ही मागं सारले. ठाणेदारानं पाहिलं असतं तर नोकरीवर आलं असतं. टोपलीवरचं फडकं त्यानं बाजूला केलं. शेवंतीचा तो किंचित कडू, थंड वास नाकात गेला. टोपलीत कडेला भिजवलेला केळीचा दोर होता. तो त्यानं पायाच्या अंगठ्याला अडकवला आणि पहिली दोन फुलं हातात घेतली.

बोटं विसरली होती. फूल दोरावर बसेना. बसलं तर गाठ सुटे. गाठ आवळली तर देठ तुटे. तीन फुलं जमिनीवर पडली. चौथं त्यानं जोरानं बांधलं तसं ते मान मोडून लोंबायला लागलं. मोटारीचा किन्नर 'हिवरखेड, हिवरखेड' ओरडत होता. माणसं काचेतून पाहत होती. त्यानं आणखी एक जोडी लावली, ती वाकडी, मग आणखी एक. त्याला आता कशासाठी बसलो हेही नक्की सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की इतके दिवस जे हात सलामाला वर जात होते ते आत्ता फुलावर आहेत, आणि फार दमले आहेत.

"अरे अरे अरे!" गोदाबाई म्हणाली. "मुंडी मुरगयतं काय फुलाची? कोंबडी हाये का ते?"

त्यानं वर पाहिलं नाही. आणखी एक फूल त्यानं तसंच बांधलं. मुद्दाम नव्हे, त्याला खरंच येत नव्हतं.

"इकडं आन ते. आन म्हटलं नं! बुवाच्या गयात घालाचं हाये का गाढवाच्या?" तिनं त्याच्या हातातून दोर ओढून घेतला, त्याच्या बोटांवर एक चापट मारली, त्यानं बांधलेलं सगळं दातानं तोडून टाकलं, आणि दोर स्वतःच्या अंगठ्याला अडकवला. "वरीसभर शिकवलं याले, सारं धारणीत सांडून आला. देठ वर धर. वर! दोन दोन दे मले. सारखे पाहून दे." तो दोन दोन फुलं देऊ लागला. तिची बोटं फुलाला हात लागला न लागला असं करत निघाली, आणि हार तिच्या मांडीवरून खाली उतरू लागला, जाड, घट्ट, एका अंगाचा. मोटारीनं भोंगा दिला. दोघांनीही मान वर केली नाही. धूळ उडाली, फुलांवर बसू नये म्हणून गोदाबाईनं पदर आडवा धरला, आणि धूळ खाली बसली तेव्हा चिंचेखाली दुसरं कोणी नव्हतं.

"गेली नं मोटार तुह्यापायी," ती म्हणाली.  त्याच्या डोळ्यांत धूळ गेली होती. बाहीनं पुसत तो म्हणाला, "मान तुह्या घरचा होता, मी आधीच पाहाले पायजे होतं." गोदाबाई हाराला शेवटची गाठ मारत होती. "तू काय पाहशीन," ती म्हणाली, पण हळू. भीती गेली होती असं नाही. ती तिच्या चेहऱ्यावर परत येताना त्यानं पाहिली, हात रिकामे झाल्याबरोबर. हार टोपलीत ठेवून तिनं फडकं झाकलं आणि त्याच्या पट्ट्याकडं पाहिलं. त्यानं तो उचलून कमरेला बांधला. बांधावा लागणारच होता.

ते निघाले. ती पुढं, डोक्यावर टोपली घेऊन, लंगडत. तो मागं, तिचं बोचकं हातात घेऊन. बाजारात शिरले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. पहिल्यांदा पानवाला गप्प झाला. मग तराजू थांबले. मग फुलवाल्यांची रांग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वारा पडावा तशी. देवळाच्या पायरीवर उत्तमराव हात जोडून उभे होते. त्या शांततेत कोणीतरी दबक्या आवाजात बोललं ते सगळ्यांना ऐकू गेलं, "पकडलं वाट्टे गोदाबाईले." पुढं म्हातारी, मागं पोलीस. दुसरं काय दिसणार? सहदेवला वाटलं, ओरडून सांगावं. आणि ओरडलो तर काय दिसेल, तेही त्याला दिसलं.  अजून देऊळ दूर होतं.

गोदाबाई थांबली. तिनं रांगेकडं पाहिलं, मग मागं वळून त्याच्याकडं. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. डोक्यावरची टोपली उतरवून तिनं त्याच्या पुढ्यात धरली. "घे," ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली. "माहे गुडघे काय सरकारी हायेत? धर टोपली."

त्यानं बोचकं तिच्याकडं दिलं, टोपली घेतली, आणि साफ्यावर ठेवली. ओल्या फुलांचं वजन किती असतं हे तो विसरला होता. मान आखडली. "हासा नं मेल्याहो!" गोदाबाई रांगेवर खेकसली. "जमादार टोपली वाहून राहिला, अन् तुमी तोंडं पाहून राहिले!" कोणी हसलं नाही. एका बाईनं नुसता पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. माणिकबाई दुकानात उभी होती, हातात गिऱ्हाइकाचा पुडा. ती उतरून आली नाही. तो समोरून जाताना तिनं त्याच्या डोक्याकडं पाहिलं आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "फडक्याची चुंबळ तं घ्याची टोपलीखाली. मान धरन नं."

फडक्यातलं पाणी साफ्यातून झिरपून कानामागं, कानामागून खाकीच्या कॉलरात उतरायला लागलं होतं, थंडगार. देवळात मृदंग लावत होते. बोटांनी चाचपत, अजून सूर जमायचा होता. "चाल," गोदाबाई मागं न पाहता म्हणाली, "बुवा उभे राहिले असतीन." आणि सहदेव, डोकं न हलवता, त्या गप्प बाजारातून तिच्या मागं चालत राहिला.